छाती वाचली, पोट राहिलं

माझ्या थोरल्या नणंदेला मी वन्सं म्हणते. हॉस्पिटलातले लोक त्यांना पाठीमागे तोफ म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे, आणि मला वाटतं आवडतंही. डॉक्टर म्हणून सगळं आयुष्य कॅज्युअल्टीत गेलं. अपघात, झटके, भाजलेले, बुडालेले, सगळे आधी त्यांच्या हाताखालून जायचे. लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "ड्युटी बदलून देणारा नवरा मिळाला नाही."

त्या चिडक्या आहेतच, पण त्या वर्षी त्या चिडल्या त्याची गोष्ट वेगळी आहे.

शाळेची बस चालवणारा एक माणूस छातीत दुखतं म्हणून त्यांच्याकडे आला होता. तपासलं तर पित्त निघालं. गोळी घेऊन हसत घरी गेला. पुढे विमा कंपनीने कळवलं, हे काही तातडीचं दुखणं नव्हतं, तेव्हा खर्च तुमचा तुम्ही सोसा. काही महिन्यांनी पुन्हा दुखायला लागलं. बायको म्हणाली, चला. तो म्हणाला, "पित्तच असणार. परत हसं करून घ्यायचं का?" दिवसभर खुर्चीत छाती चोळत बसला. आणला तेव्हा हृदयाचा मोठा भाग मेला होता. वन्संनी त्याला जगवलं, पण त्याची बस सुटली ती सुटलीच. आता जिना चढला तरी मध्येच बसावं लागतं.

आणि नेमक्या त्याच सुमाराला विधेयक आलं. विमा कंपन्या जे गुपचूप करत होत्या, तेच आता कायद्यात बसवायचं होतं. रोग्याने कॅज्युअल्टीत येणं तातडीचं होतं की नव्हतं, हे शेवटी काय निदान निघालं त्यावरून ठरवायचं! आमच्याकडे जेवताना वन्संनी ते कलम मोठ्याने वाचलं आणि ताट पुढे सारलं.

"म्हणजे माणसाने आधी घरी बसून स्वतःचं निदान करायचं, आणि ते बरोबर आलं तरच माझ्याकडे यायचं! मग मी तिथे काय माशा मारायला बसलेय?"

त्यांनी शहरातल्या कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना गोळा केलं. मोजकेच तयार झाले. त्यांच्याच हाताखालचा एक तरुण डॉक्टर, चांगला हुशार, म्हणाला, "मॅडम, आपलं काम पेशंट तपासणं. राजकारणात पडलं की हात काळे होतात."

"रोज कोपरापर्यंत रक्तात असतात की हात. तेव्हा नाही वाटत काही?" वन्सं म्हणाल्या. तरी तो आला नाही.

विधेयकाची छाननी करणाऱ्या आमदारांच्या समितीपुढे बसवाल्याला साक्षीला न्यावं असं त्यांच्या मनात होतं. मी सोबत गेले होते. त्याच्या बायकोने आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि स्पष्ट सांगितलं, "डॉक्टर, तुमचे उपकार आहेत. पण चार लोकांत उभं करून दाखवायला हे काही प्रदर्शनातली वस्तू नाहीत."

तोफ पहिल्यांदा थंड पडलेली मी पाहिली. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. जिना उतरताना मला म्हणाल्या, "मी कोण त्याला तिथे नेणारी? बोलायचं ते मीच बोललं पाहिजे."

समितीची बैठक गार खोलीत होती. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, मागे आमच्यासारख्यांना खुर्च्या. विमा कंपन्यांचा माणूस पडद्यावर आलेख दाखवत आरामात बोलला. डॉक्टरांची पाळी आली तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. "थोडक्यात आटपा."

"साहेब," वन्सं उभ्या राहिल्या, "माझ्या दारात येणारा माणूस निदान हातात घेऊन येत नाही. ते शोधायलाच तर तो येतो. पित्त आणि हृदय एकाच जागी दुखू शकतं. मला तपासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि त्याला ते घरबसल्या कळावं म्हणता?"

एक सदस्य हसले. "अहो, लोक सर्दी झाली तरी कॅज्युअल्टीत येतात. हे खोटं आहे का?"

"खरं आहे. मी त्यांना झापतेसुद्धा. पण झापायचा अधिकार तपासल्यावर मिळतो, आधी नाही."

"भावनेच्या भरात बोलू नका, डॉक्टर."

"मग कशाच्या भरात बोलू? माणूस गेला की बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांना सांगायला मी जाते. तुमचं कलम जात नाही!"

अध्यक्षांनी टेबलावर बोटं वाजवली. वेळ संपला होता. त्या हसणाऱ्या सदस्यसाहेबांचा हात मात्र तेवढ्यात शेजारच्या बिस्किटांच्या बशीकडे गेला होता. ते बघून माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

वन्संचं वाक्य वर्तमानपत्रात आलं आणि हॉस्पिटलच्या संचालकांना संस्थेच्या प्रतिमेची आठवण झाली. विभागाचं प्रमुखपद काढून घेतलं. "खुर्ची घेतली, पेशंट तर नाही ना घेतले?" असं सगळ्यांना सांगत होत्या. पण त्या दिवशी आमच्याकडे येऊन माझा पुसलेला ओटा पुन्हा पुसत राहिल्या. मी फडकं हातातून काढून घेतलं नाही.

कायदा झाला. आरडाओरड्यामुळे त्यात एक सवलत घातली. छातीत दुखणं, लकवा आणि अपघात, एवढ्यांना निदानाची अट नाही. माझा नवरा आनंदाने म्हणाला, "ताई, जिंकलीस की!"

"कसली जिंकले? छाती वाचली, पोट राहिलं. माणूस काय तुकड्यांनी आजारी पडतो?"

आम्हाला वाटलं, यांना कशातच समाधान नाही.

मग एका दुपारी एक तरुण बाई आली. पोटात सकाळपासून कळा येत होत्या. नवरा चला म्हणत होता, पण पोट सवलतीत बसत नाही हे तिने ऐकलं होतं. ती शेक घेत पडून राहिली. गर्भ पिशवीत न राहता नळीत वाढला होता, आणि नळी फुटली होती. वेळेवर आली असती तर नक्की वाचली असती. ड्युटीवर होता तो हात काळे होतील म्हणणारा डॉक्टर. त्याने जंग जंग पछाडलं. ती गेली. बाहेर जाऊन तिच्या नवऱ्याला त्यानेच सांगितलं.

त्या संध्याकाळी तो आमच्या दारात आला. वन्सं आमच्याकडेच होत्या. तो आत आलाच नाही, उंबऱ्यावरूनच म्हणाला, "मॅडम, तुमची पुढची बैठक कधी आहे?"

वन्संनी त्याला एका शब्दाने टोचलं नाही. "आत ये. आधी चहा घे," म्हणाल्या.

या वेळी डॉक्टर पुष्कळ आले. ड्युटी आपसांत बदलून घेत, सदस्यांच्या दारांबाहेर ताटकळत, कारकुनांची मनधरणी करत राहिले. मागणी एकच होती. साध्या समजुतीचा माणूस घाबरेल असं दुखणं असेल तर ते तातडीचं धरा, निदान पुढे काहीही निघो. कधी फाइल सापडायची नाही, कधी साहेब दौऱ्यावर असायचे. दोन अधिवेशनं अशीच वाया गेली.

तिसऱ्या अधिवेशनात, शेवटच्या दिवशी, दुरुस्ती मतदानाला आली. आम्ही वर प्रेक्षकांत बसलो होतो. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. रस्त्यांच्या नि पाणीपट्टीच्या विधेयकांमध्ये हिचाही नंबर लागला. हात वर झाले. मंजूर. बिस्किटवाल्या साहेबांनीही हात वर केला. त्या बाईबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

तरुण डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. मी वन्संचा हात धरला.

"एवढंच होतं?" त्या उठून म्हणाल्या. "नुसते हात वर करायचे होते? मग गेल्या वर्षी काय लुळे पडले होते यांचे हात?"

पहारेकरी धावत आला. "बाई, हळू बोला. सभागृह चालू आहे."

"नाही बोलणार हळू," वन्सं म्हणाल्या, आणि तेच पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्याने म्हणाल्या.