जाईबाईचा नंबर

प्रियदर्शनीची खुर्ची काचेच्या खोलीत होती. नांदगाव पेठेतल्या त्या कापडाच्या कारखान्यात खाली बायका दिवसभर उभ्या, वर साहेबलोक बसलेले, आणि जिन्याच्या टोकाला ही खोली, जिची एकही खिडकी उघडायची नाही. तिचे वडील शेषराव तेल्हाऱ्याच्या शाळेत शिपाई. एकतीस वर्षं हेडमास्तरांच्या दाराबाहेर उभे राहिलेले. लेकीला खुर्ची मिळाली तेव्हा त्यांनी अख्ख्या तेल्हाऱ्याला खबर दिली. ज्यानं विचारलं नाही त्याला आधी दिली. त्यामुळे या खुर्चीवरून उठणं म्हणजे काय, हे प्रियदर्शनीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

खुर्ची काही आभाळातून पडली नव्हती. त्याआधी दोन वर्षं ती खाली अकरा नंबरच्या मशीनवर होती. मशीन थांबवलं की बाजूच्या कीपॅडवर आपला नंबर आणि कारण दाबायचं: धागा तुटला तर दोन, वीज गेली तर पाच, स्वतःच्या कामासाठी थांबवलं तर नऊ. एका पाळीत दोनपेक्षा जास्त नऊ झाले की वर तो नंबर लाल दिव्यात झळकायचा, आणि बाईला वर बोलावून सगळ्यांदेखत झापायचे. बाईचं अंग काही घड्याळ बघून चालत नाही, पण हे वर बसणाऱ्यांना कोण सांगणार?

कोणी सांगितलं नाही. जाईबाईनं तोड काढली. जाईबाई सात नंबरवर, कारखाना सुरू झाल्या दिवसापासून. नवरा गेलेला, मुलगा अकोल्याला सासुरवाडीत रमलेला, आणि राजापेठेतल्या भाड्याच्या खोलीत ही एकटी. घरी बोलायला भिंती, इथं पोरी. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायची, म्हणून तिला झापायची कोणाची छाती नव्हती. ती म्हणाली, "पोरी, माहा नंबर दाब अन् जाय. मले कोन बोलते ते पायतो मी." एकीचं मशीन दुसरीनं सांभाळायची रीतच होती, त्यामुळे कीपॅड कुठल्याही मशीनवर कोणाचाही नंबर घ्यायचा. तेव्हापासून तेरा जणी जाईबाईचा एकशे अठरा दाबून जाऊ लागल्या.

त्यात प्रियदर्शनी सगळ्यांच्या पुढे. रविवारी ती स्वप्निल सरांच्या कॉम्प्युटर क्लासला जायची, आणि आठवडाभर जाईबाईच्या नंबरावर दहा-दहा मिनिटं मशीन थांबवून गाठोड्यांच्या आडोशाला वही पाठ करायची. मजकुराच्या हजार फायलींतून हवी तीच ओळ कशी हुडकायची, ते त्या वहीत होतं. नेमका शब्द ठाऊक नसला तरी चालतं, नमुना सांगायचा: सुरुवातीला तारीख, मग काहीही, मग मशीनचे दोन आकडे, शेवटी बाईचे तीन. टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर. टिंबाच्या जागी कोणीही येऊन बसते, असं सर म्हणाले तेव्हा प्रियदर्शनी एकटीच हसली. तिला एकशे अठरा आठवला होता.

मग एकदा कापडात खोट निघाली आणि कोणत्या मशीनची ते कळेना. मॅनेजर महादेवराव तीन दिवस डोकं धरून बसले. प्रियदर्शनीनं भीत भीत संगणक मागितला आणि मशीनच्या नोंदींतून एका मिनिटात ते मशीन काढून दिलं. महिनाभरात ती वर आली. जुन्या नोंदींच्या त्या फायली तोवर कोणी उघडल्याच नव्हत्या. त्या वाचता येतात हे महादेवरावांना हिनंच दाखवलं. आपल्याच पायावर धोंडा पाडायलाही हुशारी लागते, ती अशी.

वर्षभरानं, एका गुरुवारी, महादेवरावांनी हुकूम दिला. तीन वर्षांत नऊ सगळ्यांत जास्त कोणी दाबला त्याची यादी सोमवारी टेबलावर पाहिजे. माणसं कमी करायची होती.

प्रियदर्शनीनं नमुना लिहिला आणि कळ दाबली. एकशे अठरा, सहाशे त्रेचाळीस वेळा. त्याखालचा नंबर एकोणचाळीस वेळा. तिनं नमुन्यात मशीनही घातलं. जाईबाईच्या स्वतःच्या सात नंबरवर फक्त बारा ओळी निघाल्या. बाकीच्या सगळ्या दुसऱ्यांच्या मशीनवर, आणि त्यातल्या एकशे छप्पन्न अकरावर, प्रियदर्शनी तिथं उभी होती त्या दोन वर्षांतल्या. जाईबाई निर्दोष आहे हे सिद्ध करायला एवढं पुरेसं होतं. पण ते सिद्ध करायचं तर तेरा जणींची मशीनं उघडी पडत होती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही हिनंच खणलेली.

शनिवारी पाळी सुटल्यावर तिनं जाईबाईला गाठून सगळं सांगितलं. जाईबाईनं डबा पिशवीत ठेवला, पिशवीची गाठ मारली. मग म्हणाली, "माहं नाव जाऊ दे. पोरींच्या मशीना सांगू नको."

रविवारभर प्रियदर्शनीनं विचार केला आणि तिला वाटलं, आपल्याला वाट सापडली. सोमवारी तिनं महादेवरावांपुढे फक्त अकरा नंबरच्या ओळी ठेवल्या. या माझ्या आहेत, म्हणाली. जाईबाईचा नंबर मी दाबत होते. काढायचं तर मला काढा. खुर्ची गेली तरी चालेल, इतपत तिनं मनाची तयारी केली होती. शेषरावांना काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

महादेवरावांनी कागद वाचला. रागावले नाहीत, उलट त्यांचा चेहरा उजळला. "तुमाले कोन काढते? मंग फायली कोन पायन?" ते म्हणाले. "पन म्हंजे बाकीच्या मशीनवर बी असंच असन. काढा नं तेही."

प्रियदर्शनी नाही म्हणाली. त्यावर ते शांतपणे बोलले, की नाही काढलं तर जाईबाईचा कागद आजच जाईल, आणि मशीनचे आकडे तर ते स्वतःही एकेक करून तपासू शकतात, आता कसं बघायचं ते कळलंच आहे.

ती खोलीत परत आली. नमुन्यात अकरा होते तिथं तिनं दोन टिंबं टाकली. एवढंच काम होतं. पडदा भरला. त्या वेळी तिला स्वतःची किळस आली, आणि ती किळस घेऊन ती यादी छापून देऊन आली.

यादीतल्या चौघी कामावरून गेल्या. जाईबाई वाचली. दुसऱ्या दिवशी ती जिना चढून काचेच्या दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही.

"तुले म्या म्हनलं होतं काय, मले वाचव म्हनून?"

त्यानंतर तिनं प्रियदर्शनीशी बोलणं टाकलं. पाळीभर मशीन थांबवायची नाही, मान वर करायची नाही. वरून प्रियदर्शनीला तिचा पांढरा भांग तेवढा दिसायचा. दर सोमवारी तोच शोध चालवायचा हुकूम होता, आणि दर सोमवारी एकशे अठरापुढे शून्य यायचं. बायका आता दोनदा नऊ दाबायच्या आणि तिसऱ्यांदा दात आवळून उभ्या राहायच्या. तेल्हाऱ्यात शेषराव अजून खुर्चीचं कौतुक सांगत होते.

गेल्या महिन्यात अकरा नंबरवर मंजुषा नावाची नवीन बाई आली. सहावा महिना लागलेली. पहिल्या सोमवारी प्रियदर्शनीनं कळ दाबली आणि पडद्यावर चार ओळी आल्या: मशीन अकरा, कारण नऊ, नंबर एकशे अठरा.

या फायली कोण वाचतं हे जाईबाईला पक्कं ठाऊक होतं. प्रियदर्शनीनं काचेतून खाली पाहिलं. जाईबाई मशीनवरचा हात न काढता वर बघत होती, त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

शेजारच्या खोलीत महादेवराव यादीची वाट बघत होते, आणि हल्ली ते मधूनमधून स्वतःही फायली उघडत. प्रियदर्शनीनं नमुन्यातून अकरा नंबर वगळला, पुन्हा शोध चालवला आणि एकशे अठरापुढे शून्य असलेला कागद घेऊन त्यांच्याकडे गेली.