बारा तासांची खुर्ची

मुंबई ते मेलबर्न हवाई अंतर साधारण नऊ हजार आठशे किलोमीटर, थेट विमानाला सुमारे बारा तास. हे आकडे मला पाठ आहेत ते आईमुळे. आई आता नाही, आकडे राहिलेत.

धाकट्या बहिणीला तिकडे मुलगा झाला आणि तिने आईला बोलावलं. आईला जायचं होतं, पण गुडघ्यांची धास्ती. मीरा रोडहून वसईला मावशीकडे जाऊन आली तरी दोन दिवस पाय धरून बसायची.

"बारा तास म्हणतोस. मधेच नाही जमलं तर उतरता येतं का?"

अंदाजाने ठरवणं माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, "रविवारी घरीच बसून बघू. जमलं तर तिकीट, नाही तर नाही."

टेपने मोजून हॉलमधली खुर्ची भिंतीसमोर ठेवली. पुढे विमानात असते तेवढीच जागा. दर दोन तासांनी पाच मिनिटं चालायचं, बाथरूमला परवानगी. सकाळी सातला आई बसली.

"अहो, पट्टापण बांधताय का त्यांना?" बायको म्हणाली.

अकराला शेजारच्या गुजराती बेन थेपले घेऊन आल्या. "माजी, कहाँ तक पहुँचे?"

"अभी समंदर चालू है. खिडकी मत खोलना," आई म्हणाली.

एक वाजता मी चार हजार नऊशे किलोमीटर झाल्याचं जाहीर केलं.

"मला गुडघे सांगतायत ते," आई.

चारच्या सुमारास ती उठायला गेली आणि उजवा पाय सरळच होईना. आम्ही दोघांनी धरून उभं केलं. तिचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, "बस झालं, आई. थांबवू या."

"आणि उतरू कुठे? समुद्रात?" ती पुन्हा खुर्चीत बसली.

मग मी दर तासाला तिला चालवलं. ती साडीवरून गुडघा चोळत राहिली.

सात वाजले. "झालं? पोचले?" तिने विचारलं.

"पोचलीस."

तिने हॉलभर नजर फिरवली. "मग बाळ कुठाय?" मस्करीतच म्हणाली, पण डोळे भरून आले. बायको बहिणीला व्हिडिओ कॉल लावायला लागली, तर आईने हात धरला. "फोनमधलं नको आता. एवढी बसले मी."

पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं. चालायला बरं म्हणून कडेची सीट घेतली.

चूक मला आईचं विमान उडाल्यावर कळली. घरापासून विमानतळ दीड तास, तिथे आधी तीन, तिकडे बाहेर पडायला दीड, बहिणीच्या घरापर्यंत एक. हे सात तास मी धरलेच नव्हते. दिवसभर घाबरून बसलो होतो, तेवढ्यात बहिणीच्या घरून आईचा फोन आला.

"एकोणीस तास झाले रे. तुझं गणित साफ चुकलं," ती हळू आवाजात म्हणाली. "ठेव आता. मांडीवर झोपलंय, उठेल."