सिक रूमच्या दारावरची पाटी

प्राणिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. बेडूक फाडून पोट भरणाऱ्या बाईचा भुताखेतांवर विश्वास कसा बसणार? या सदरातले हडळी-मुंजांचे अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते, मनसोक्त हसते आणि मासिक मिटून ठेवते. माझ्या बाबतीत जे घडलं त्यात हडळ नाही, मुंजा नाही, अमावास्यासुद्धा नाही... भर दुपारचं लख्ख ऊन होतं. म्हणूनच ते मला आजवर पचलेलं नाही.

सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. मालवणहून देवगडकडे जाताना वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, आमचं कॉलेज. चिऱ्याच्या भिंती, कौलं, मागे काजूची झाडं आणि खाली खाडी. मी मूळची सांगलीची. स्टाफमध्ये बाई म्हणून मी एकटीच, त्यामुळे मुलींचं हॉस्टेल आपसूक माझ्या गळ्यात पडलं होतं.

त्या हॉस्टेलमध्ये एक गोष्ट मला फार खुपायची. मुलगी आजारी पडली की घरचे येऊन घेऊन जायचे, आणि एकदा गेलेली मुलगी परत यायची नाही. साधा ताप असो की कावीळ... आई-बापांना निमित्तच हवं असायचं. म्हणून मी प्राचार्यांच्या मागे लागले. इथेच उपचाराची सोय करू. आठवड्यातून एकदा बाजारातले डॉक्टर येतील, टर्म सुरू होताना सगळ्यांची तपासणी करू, रक्त कमी असलेल्या मुलींना लोहाच्या गोळ्या देऊ, आणि अडीनडीला संस्थेची जीप मिळाली पाहिजे. प्राचार्य म्हणाले, "करा. पण पैसे मागू नका." जिमखान्याची सामानाची खोली मिळाली. व्हॉलीबॉलच्या जाळ्या बाहेर काढल्या, दोन लोखंडी खाटा टाकल्या, चुना लावला. झाली आमची सिक रूम!

पण फिरकेल कोण? मुलींना डॉक्टरांची लाज वाटायची. पोट दुखत असलं तरी "डोकां दुखता" म्हणून सांगायच्या. मग माझ्या सुपीक डोक्यातून एक कल्पना निघाली. दुकानात बाहेर पडायच्या दारावर असते ना, तशी एक पाटी मी रंगवून घेतली आणि आतल्या बाजूने, चौकटीच्या वर ठोकली. 'संकोच नको. पुन्हा या.' मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं!

पाटी बघून पहिली बोलली ती सुनंदा. वैभववाडीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, तिच्या वाडीतून कॉलेजात आलेली पहिली, आणि तोंडाने फटकळ.

"बाई, दवाखान्यात 'पुन्हा या' खंय लिवतत?"

"का गं? काय बिघडलं?"

"सोयऱ्यांकडना निघताना 'येतंय' म्हणतत. दवाखान्यातना निघताना गप भायर पडाचा. थंय परत कोणाक येवचा आसता?"

खरंच आहे ते. आपल्यात घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. आणि दवाखान्यातून निघताना तेही म्हणत नाहीत. सांगलीला माझी आईसुद्धा हे पाळायची. मी म्हटलं, "सुनंदे, सायन्सला आहेस ना तू?" सगळ्या मुली हसल्या, तीही हसली. पाटी राहिली.

दसरा होऊन गेला होता. त्या दुपारी मुली सुनंदाला धरूनच घेऊन आल्या. अंगात ताप, सारख्या उलट्या, आणि पोटाच्या उजव्या बाजूला खाली हात लावू देईना. अपेंडिक्स असणार हे कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती. डॉक्टरांचा वार तो नव्हताच. मी मुलींना जीपसाठी पिटाळलं. ड्रायव्हर भिकाजीने जीप थेट व्हरांड्याच्या पायऱ्यांपाशी लावली. दारातून जीप चार पावलांवर दिसत होती.

"चल गं," म्हणून मी सुनंदाला काखेत धरलं आणि उंबरठा ओलांडला.

समोर व्हरांडा यायला हवा होता. समोर दोन खाटा होत्या.

मला वाटलं, घाईत गोल फिरले असेन. वळले. दार उघडंच होतं, पलीकडे जीप, बोनेटला टेकलेला भिकाजी. पुन्हा निघालो. चौकट डोक्यावरून गेलेली मला जाणवली, पायाखालचा उंबरठा जाणवला... आणि पुन्हा त्याच खाटा, तीच फिनेलचा वास मारणारी बादली. दार पाठीमागे.

तिसऱ्यांदा मी डोळे जीपवरून हलू दिले नाहीत. मग उलट्या पावलांनी जाऊन पाहिलं. सुनंदाला खाटेवर टेकवून एकटीने पळत जाऊन पाहिलं. त्या वेळी खाटेच्या लोखंडी कडेवर माझा गुडघा असा आपटला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. खिडकीला गज होते. गज धरून मी बोंबलले, "भिकाजी! अहो भिकाजी, आत या!" तो आमच्याकडेच बघत होता. पण हाक ऐकू आल्याची काहीच खूण चेहऱ्यावर नाही. मैदानावर मुलं चेंडू लाथाडत होती, त्यांच्या हसण्याचा आवाज मला इकडे स्वच्छ ऐकू येत होता. माझा त्यांना जात नव्हता.

खरं सांगते, मला रडू कोसळलं. एवढीशी ती खोली, दार सताड उघडं, आणि आम्ही विंचू बाटलीत कोंडावा तशा आत.

सुनंदा कण्हायची थांबली. म्हणाली, "बाई, दुखाचा थांबला."

अपेंडिक्सचं दुखणं असं एकाएकी थांबतं तेव्हा बरं वाटलेलं नसतं, आत काहीतरी फुटलेलं असू शकतं, एवढं मला माहीत होतं. आता एकेक क्षण महत्त्वाचा होता आणि मी दारातून बाहेर पडू शकत नव्हते!

सुनंदाची नजर चौकटीच्या वर खिळली होती. "माका धरा," ती म्हणाली. मी धरलं. ती उभी राहिली, घामाने डबडबलेली, आणि त्या पाटीकडे बघून, एखाद्या भांडखोर सासूला सुनवावं तशी बोलली —

"मी जातंय. परत येवचंय नाय."

लहानपणापासून जो शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून दटावलं जातं, तो तिने मोठ्याने उच्चारला. आम्ही पाऊल टाकलं. उन्हाची तिरीप तोंडावर आली. पायाखाली व्हरांड्याची फरशी होती.

भिकाजी पुढे होऊन म्हणाला, "काय इसारलास काय बाई? कितीदा दारापर्यंत इलास नि मागे फिरलास. माका वाटला, पिशीबिशी ऱ्हवली."

"मी हाका मारत होते तुम्हाला!"

"नाय ओ. गपच होतास."

रात्रीच्या आत ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, अजून उशीर केला असता तर हातची गेली असती. त्या मुलीला जिवंत बघून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. कॉलेजात परतल्यावर पहिलं काम केलं ते पाटी उखडून चुलीत घालायचं.

दिवाळीनंतर सुनंदाचं पत्र आलं. बरी आहे, येत आहे, वडील तयार झाले आहेत. माझ्या सगळ्या खटाटोपाचं चीज झालं असं मला वाटलं. पहिल्यांदाच आजारी पडलेली मुलगी परत येत होती.

एसटी आली तेव्हा मी व्हरांड्यातच उभी होते. सुनंदा उतरली, डोक्यावर ट्रंक घेतलेले तिचे वडील उतरले. ते फाटकातून आत आले. सुनंदा फाटकापर्यंत आली... आणि वळून रस्त्याकडे चालू लागली. थांबली. गोंधळून मागे बघितलं. पुन्हा आली, पुन्हा वळली.

तिला काय दिसत असेल ते मला लगेच कळलं. मी धावत बाहेर गेले, तिचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "चल माझ्याबरोबर." दोघी फाटकातून निघालो. आत आले तेव्हा माझी मूठ रिकामी होती. सुनंदा पलीकडे, पाठमोरी.

"हात कित्याक सोडलास बाई?" ती रडवेली होऊन ओरडली. मी सोडला नव्हता. देवाशपथ सोडला नव्हता.

"सुनंदे, म्हण, येते म्हण!"

"येतंय," ती म्हणाली. "मी येतंय गो बाय माझे, येतंय!" किती वेळा म्हणाली! फाटकाचा खांब धरून म्हणाली, हात जोडून म्हणाली. वडिलांनी ट्रंक पुन्हा डोक्यावर घेतली. "बाई, ऱ्हवांदे आता," ते म्हणाले. "माझा चेडू जिता आसा, माका तेवढा पुरे." उलटी एसटी आली आणि ती गेली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. डिग्री राहिलीच.

त्या खोलीत कधी कोणी मेलं होतं का, हे मी खोदून खोदून विचारलं. कोणी नाही. जाळ्या आणि चुन्याच्या गोण्या, एवढाच इतिहास. त्यानंतर तिथे कितीतरी मुली आजारी पडून झोपल्या, बऱ्या होऊन बाहेर पडल्या, कोणाला काही झालं नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि कोणी 'भास' म्हणालं तर मी भिकाजीची साक्ष काढते.

राहता राहिले मी. त्या दुपारी 'जातंय' सुनंदा म्हणाली होती, मी नव्हते म्हणाले. दोन-तीन वर्षांत पुण्याला निघून जायचा माझा विचार होता. बोलावणीही आली. एकदा आई आजारी पडली, एकदा प्राचार्यांनी सोडलं नाही, एकदा माझं मलाच नको वाटलं. कारणं सगळी साधी, कोणाच्याही आयुष्यात असतात तशी. त्याच कॉलेजात मी निवृत्त झाले.

निरोपसमारंभ आटोपला, हार-नारळ घेऊन मी फाटकाशी आले. मुलं म्हणत होती, "मॅडम, येत राहा हं!" मी त्यांना हसून हात केला. ती आत वळेपर्यंत थांबले. आसपास कोणी नाही असं बघून घेतलं, आणि मी, प्राणिशास्त्राची विभागप्रमुख, ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मी जाते. परत येणार नाही."

मग फाटकाबाहेर पाऊल टाकलं.