नानांनी दाखवलेला बोलपट

त्या बोलपटाचा विषय निघाला तरी माझं डोकं फिरतं. लोक अजून म्हणतात, बाईच्या दुःखावर तसा खेळ पुन्हा झाला नाही. नाही झाला तेच बरं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, सासरहून एकटी पायी निघून आली होती. दंडावर तापलेल्या उलथण्याचे डाग. वडील नव्हते, घरात शब्द चाले तो त्यांच्या थोरल्या भावाचा, नानांचा. नानांनी डाग पाहिले, पान जुळवलं आणि म्हणाले, चार दिवस राहू दे, मग मीच पोचवून येतो. त्याच आठवड्यात धरणगावच्या बाजारात फिरत्या बोलपटाचा तंबू लागला. एरवी आम्हाला तमाशाच्या ढोलकीच्या आसपाससुद्धा फिरकू न देणारे नाना स्वतः गाडी जुंपून आम्हा दोघी बहिणींना घेऊन गेले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तंबूत मधे कनात, इकडे बायका, तिकडे पुरुष. पडद्यावर नवरा बायकोला मारतो. मारतो म्हणजे काय, हात उगारतो आणि दिवा विझतो. दिवा लागतो तेव्हा बाईच्या कपाळावर टिकलीएवढा डाग आणि अंगावर इस्त्रीचं लुगडं. अक्काच्या दंडाला मी रोज हळद लावत होते. भाजलेलं चिघळतं, चोळी त्याला चिकटते, सोडवताना माणूस दात आवळतं, हे त्या शहाण्यांना कोण सांगणार? तरी मधे एकदा पडद्यावरच्या बाईनं नवऱ्याच्या हातातली काठी धरली आणि पंचांसमोर सगळं बोलून टाकलं. आमच्या बाजूला पदर तोंडाशी गेले. अक्का गुडघ्यांवर उठून बसली होती.

मग काय, नवऱ्याला ताप भरला. बाई धावत गेली, त्याच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि त्यानं तिला क्षमा केली. त्यानं, तिला. तिनं केलं काय होतं? कनातीपलीकडे टाळ्यांवर टाळ्या. परतताना नाना म्हणाले, बघितलंस ना, शेवटी नवऱ्याचंच घर. अक्का खाली मान घालून बसली. मला तो मेला तंबू पेटवून द्यावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी अक्काचं गाठोडं गाडीत टाकलं. आई त्यांच्यापुढे कधी येत नसे. जेठाशी, थोरल्या दिराशी, बोलायचं नाही ही रीत, काही सांगायचं असलं की ती दाराआडून मला म्हणे, "नानास्ले सांग." त्या सकाळीही ती दाराआडच होती. तिनं मला विचारलं, "खेळमा काय झाये?" मी सगळं सांगितलं, काठी, पंच, ताप, पाय. नाना कासरा धरून ऐकत होते आणि मान डोलवत होते.

आई उंबरा ओलांडून बाहेर आली. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. तिनं गाडीतलं गाठोडं उचलून काखेत घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा थेट नानांनाच विचारलं, "त्या बाईले माय नव्हती का खेळमा?"

नाना गडबडले. "नव्हती," म्हणाले.

"हिले माय शे," आई म्हणाली, आणि अक्काला घेऊन आत गेली. नानांना बैल सोडावे लागले.