डावा कान

नव्वदीच्या दशकात सुरतेतल्या एका वाद्यांच्या दुकानात मी गिटार बघायला गेलो होतो. कॅसेटवर ब्लूज हे अमेरिकन संगीत ऐकून वेड लागलं होतं. तिथं आधीच कापड गिरणीतला एक पन्नाशीचा लूम कामगार बसला होता, शर्टाला धाग्यांचे तुकडे चिकटलेले. लाल इलेक्ट्रिक गिटारची एकच तार तो बोटानं वर ओढायचा आणि सूर विव्हळायचा.

"ब्लूजला असंच रडकं गिटार पाहिजे," तो मला मराठीत म्हणाला आणि त्यानं अॅम्प्लिफायरचा आवाज पूर्ण वाढवला. शोकेसच्या काचा थरथरल्या. मी कानांवर हात ठेवले.

"काका, अवाज ओछो करो!" आवाज कमी करायला मागून दुकानदार गुजरातीत ओरडला. त्या कामगारानं वळूनही पाहिलं नाही. शेवटी मीच वाकून आवाज निम्मा केला.

"बंद का केलात?" त्यानं विचारलं.

"चालू आहे की!"

त्यानं पुन्हा तार छेडली. सूर स्पष्ट आला. तो मात्र बोटांकडे पाहत राहिला, मग माझ्या तोंडाकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"उजवा गेलाय, ते माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "डावा चांगला आहे असं समजत होतो."

लूमच्या खडखडाटात माणसं ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतात. म्हणूनच इतके दिवस त्याला कळलं नसावं.

थोड्या वेळानं तो दुकानदाराकडे वळला.

"याच्याहून मोठा अॅम्प्लिफायर दाखवा. ऐकू येतंय तोवर वाजवून घेतो."