कोंड्याच्या पिशवीतला चिंचोका

स्तनांच्या कॅन्सरबद्दल शाळेत कार्यक्रम करायचं ठरलं, तेव्हा मी नववीत होते. वर्गातल्या धीट मुलींनी भाषणं आणि नाटक घेतलं, चांगल्या अक्षराच्या मुलींनी पोस्टर. मला मॅडमनी न विचारताच, बोलावं लागणार नाही असं काम दिलं, पिशव्या शिवायचं. तळहाताएवढ्या मऊ पिशव्या, आत कुठेतरी एक कठीण बी. आलेल्या आयांनी तीन बोटांनी दाबून ते शोधायचं, म्हणजे गाठ हाताला कशी लागते ते त्यांना कळेल.

भरायला कोंडा होता. गोंदियात कोंड्याला काय तोटा. राईस मिलच्या मागे त्याचे ढीग असायचे, आणि वारा नसला तरी थोडा हवेत तरंगत असायचा. ते दिवस मला अजून त्या धुळीतूनच दिसतात, सोनेरी आणि जरा पुसट. फुलचूरच्या आमच्या घरी मागच्या पडवीत मी आणि मोठी आई बसायचो. मोठी आई म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. आई नोकरीला जायची, म्हणून मला वाढवलं हिनंच. पिशव्यांसाठी तिनं आपलं जुनं लुगडं फाडून दिलं. धुऊन धुऊन ते कातडीसारखं मऊ झालं होतं. ती कोंडा चाळायची, मी भरायचे, मध्ये चिंचोका ठेवून टाके घालायचे. दूर मिल चालू असायची, झोपेत ऐकू यावी तशी. आम्ही फारसं बोलत नसू.

तिला मी कार्यक्रमाला बोलावलं नव्हतं. निमंत्रणावर इंग्रजीत 'मदर्स' छापलं होतं, आणि तेवढा आडोसा मला पुरला. खरं कारण तिचं बोलणं. शाळेत ती 'का गं'ऐवजी मोठ्यानं "काऊन वो पोरी" म्हणाली आणि मुली हसल्या तर?

शेवटची पिशवी शिवून झाल्यावर मी ती तिच्या हातात दिली. "शोध."

ती रोज सुपात तांदूळ निवडायची. नजर दारात, तोंडानं बोलणं चालू, आणि बोटं खडा बरोबर उचलायची. पिशवीवर तिनं बोटं ठेवली न ठेवली तोच ती थांबली.

"हा काय. याच्यात शोधाचं काय आहे?"

मी हसले. ती हसली नाही. चिंचोक्यावर तिचं बोट फिरत राहिलं.

"अशीच राहते काय ते गाठ?"

"हो. मॅडमनी तसंच सांगितलं."

"दुखत नाही न?"

"बरेचदा दुखत नाही म्हणे."

तिनं पदर सारखा केला. "माझी याच्याहून मोठी आहे."

कोंडा उन्हात तरंगतच होता. "केव्हापासून?" मी विचारलं.

"रोवणा लागाच्या आधीपासून."

म्हणजे शेतात भाताची रोपं लागायच्या आधीपासून. आणि आता तेच धान पिवळं पडलं होतं.

"डॉक्टरकडे चल."

"धान कापून होऊ दे. मजूर भेटून नाही राहिले, अन् मी खाटेवर पडून राहू? तुझ्या बाबाले सांगू नको. तू तं तशीही कोणाले काही सांगत नाही."

ते खरं होतं. चार दिवस मी कोणाला काही सांगितलं नाही. ती शेतावरून यायची, पायांना चिखल, पदराला धानाचा वास. मी तिच्याकडे बघायचं टाळायचे आणि तीच मला डोळ्यांसमोर दिसत राहायची.

कार्यक्रमाच्या दिवशी पिशव्यांचा थैला मला एकटीला उचलेना. ती विचारल्याशिवाय ऑटोत बसली. हॉलच्या दाराशी थैला ठेवून परत जाईल असं मला वाटलं होतं, पण चपला बाहेर काढून ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. भाषणं झाली, नाटक झालं. सगळी पोस्टरं इंग्रजीत होती. बऱ्याच आया पंख्याकडे बघत होत्या. मग पाहुण्या आलेल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "कोई सवाल?"

मी उभी राहिले. आवाज माझा नव्हताच जणू, कुठून तरी पाण्याखालून येत होता, आणि तो मराठीत होता.

"आमच्या घरी एकीला गाठ आहे. ती म्हणते, धान कापून झालं की दाखवते. तोवर थांबलं तर चालेल का?"

"धान तो कोई भी काट लेगा, बेटा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उनको कल लेकर आओ. कल क्यों, आज ही."

मग मागून तो आवाज आला, शेतातून हाक मारावी तसा. "काऊन वो पोरी! घरी तं तोंड उघडत नाही, अन् इथं एवढ्या लोकांत?"

मुली हसल्या. आयाही हसल्या. ज्या हसण्याला मी इतकी भीत होते, ते माझ्या अंगावरून पंख्याच्या वाऱ्यासारखं निघून गेलं. मोठी आई मात्र डॉक्टरबाईंकडे बघत होती.

"आज म्हणजे किती वाजता?" तिनं विचारलं.

धान बाबांनी आणि मोठ्या बाबांनी कापलं. उशीर झाल्यानं थोडं उभ्यानंच झडलं. तोवर नागपूरला तिचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. घरी आल्यावर बरेच दिवस ती सूप डाव्या हातानंच धरायची, उजवा वर जात नसे. आता जातो. तांदूळ अजून तीच निवडते.

पिशव्या शाळेनं पुढच्या वर्षासाठी ठेवायला माझ्याकडे दिल्या होत्या. एका दुपारी तिनं त्यातली एक उसवली, चिंचोका काढून अंगणात भिरकावला, आणि पिशवी पुन्हा शिवून बाकीच्यांत टाकली. मी दारातून पाहिलं.

पुढच्या वर्षी नववीतली एक मुलगी ती पिशवी दाबत माझ्याकडे आली. "दीदी, इसमें तो कुछ भी नहीं है."

मी ती हातात घेतली. तीन बोटांनी सावकाश, कडेपासून मध्यापर्यंत सगळी दाबून पाहिली. लुगडं तसंच मऊ होतं, आत नुसता कोंडा.

"हो," मी म्हटलं. "ही अशीच राहू दे."