गाडी मागच्या गल्लीनं आणा!

किस्से जमवायला मी गेलेच नव्हते. मी टाक्या उपसायला गेले होते. पण संडासाच्या टाकीत गाळ कसा रोज थोडाथोडा तळाशी बसत जातो आणि केवढा साचलाय ते झाकण उघडल्यावरच कळतं, तसं या किश्शांचं झालं. आता मैत्रिणी चहाला जमल्या की म्हणतात, "चल, उघड तुझं झाकण!"

ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं. बडोद्याहून इंजिनिअर होऊन मी भंडारा जिल्ह्यात परतले, तेव्हा डोक्यात वेगळंच चित्र होतं. लोक नाकाला रुमाल लावून पळतील, मी त्यांच्यामागे धावेन आणि आरोग्याचं महत्त्व पटवूनच थांबेन! भाषण तयार होतं. रंगीत तक्ताही तयार होता.

प्रत्यक्षात कुणीही पळालं नाही. लोकांनी घरात बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. करडी गावच्या कोणाची मुलगी, लग्न काहून नाही केलं, बडोद्याले भात भेटते का, सगळं विचारलं. फक्त टाकी कुठे आहे ते सांगितलं नाही!

नगरपालिकेत माझ्याकडे दोन माणसं आणि एक गाडी होती. यादोराव ड्रायव्हर, त्याच्या हातात स्टिअरिंग असे, पण गाडी चाले ती जिभेवर. आणि पाइप सांभाळणारा बिसनभाऊ. गाडी येण्याआधी बिसनभाऊ कमरेला दोर बांधून, बादली घेऊन स्वतः टाकीत उतरायचा. त्याचा मोठा भाऊ असाच एकदा आत बेशुद्ध पडला होता. वाचला, पण नंतर चार पायऱ्या चढल्या तरी त्याला धाप लागायची.

गाडी उपसा पंपाची होती आणि एका उन्हाळ्यापुरती मिळाली होती. काम मिळालं तर राहणार, नाही तर पावसाळ्याआधी दुसऱ्या मोठ्या गावाला जाणार. पहिल्या दिवशी बिसनभाऊनं टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, हे गाडी गेली का मी पुन्हा दोरीवर."

माझं सगळं भाषण त्या एका वाक्यात बसलं.

*

पहिल्याच दिवशी आम्ही गाडी चौकात उभी केली. तक्ता टांगायला मी खिळा शोधत होते. वळून बघते तर गाडीमागे ही रांग! कॅन, डबे, बाटल्या. एका आजीच्या हातात तर पितळी कळशी. तेव्हा रॉकेलची टंचाई होती. टाकीवाली गाडी दिसली की आधी रांग लावायची आणि मग विचारायचं, अशी सगळ्यांना सवयच होती.

"आजी, यात रॉकेल नाहीये," मी म्हटलं.

"मंग काय आहे वो बाई?"

मी तक्ता उलगडणार, तेवढ्यात केबिनमधून यादोराव ओरडला, "घेऊन जाय ना आजी, फुकट आहे! पण कळशी पुन्हा घरात घेतीन का, ते सुनेले इचारून ये!"

कळलं तशी रांग पांगली. शेवटी उभा असलेला एक माणूस मात्र हलेना. सगळे गेल्यावर तो पुढे आला आणि डबा धरून म्हणाला, "आता माहा नंबर पयला ना? काय भेटते ते द्या!"

*

टाकी सापडणं हीच खरी परीक्षा असायची. कापडाचं दुकान असलेल्या एका काकांनी आम्हाला मोठ्या हौसेनं बोलावलं. पण अंगणात फरशी घातली तेव्हा टाकीचं झाकण खाली गेलेलं, आणि जागा कुणालाच आठवेना. काका म्हणत तुळशीजवळ. काकू म्हणत न्हाणीजवळ. दोघं असे भांडले की मध्ये पडायचं म्हणजे टाकीत पडण्याइतकंच धोक्याचं!

शेवटी काकांना आठवलं, "पुष्पीले मालूम आहे! खड्डा खोदला तवा तेच तं त्याच्यात पडली होती."

पुष्पाताई म्हणजे काकांची बहीण, कोंढ्याला दिलेली. निरोप गेला. पुष्पाताई पोराबाळांसकट आल्या.

"पुष्पे, टाकी कुठं आहे व?"

"सांगीन ना दादा. पयले पोट्ट्याईले आंबे तं खाऊ दे."

रोज रस झाला. चोळीबांगडी झाली. आम्ही रोज जाऊन अंगणातल्या खुर्च्यांवर बसायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. आठव्या दिवशी पुष्पाताई पिशवी घेऊन एसटीला निघाल्या. जाता जाता माझी खुर्ची सरकवली आणि तिच्याखालच्या फरशीवर टाच आपटली. "हे इथं."

काकू तडकल्या, "पयल्याच दिवशी सांगता येत नोतं काय?"

"सांगतलं असतं, तं आठ दिवस ठेवलं असतं काय वो वयनी?"

*

बोलावणं कुणाचंही असो, वाक्य एकच: "गाडी मागच्या गल्लीनं आणा." समोर गाडी दिसली तर काय म्हणतील लोक! एकाने तर गाडीवर ताडपत्री टाकायला सांगितली. यादोराव म्हणाला, "ताडपत्री टाकतो जी, पण वासाले कायची ताडपत्री टाकू?"

बिसनभाऊ गल्लीत शिरताना तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा. मला वाटायचं वासासाठी. एकदा विचारलं.

"वासाची आदत आहे मॅडम," तो म्हणाला. "पण थोबाड दिसलं, का मंग हाटेलात माहा कप अलग ठेवतात."

त्याच आठवड्यात एका राइसमिलवाल्या शेठजींकडे गेलो. टाकी उपसून झाली. शेठजी वाकून म्हणाले, "गाडीनं कोपरे राहतात. बिसनले उतरवा ना. दर खेपेले उतरतेच तो."

बिसनभाऊचा हात आपोआप कमरेकडे गेला. जणू दोर तिथेच होता. मी झाकणाच्या तोंडाशी आडवी उभी राहिले. आत विषारी वायू असतो, माणूस ओरडायच्या आत पडतो, सगळं सांगितलं. तक्त्याविना सांगितलं, आणि आवाज जरा चढलाच.

"अवो मॅडम, पाच मिनिटाचं काम आहे!"

यादोराव पुढे आला. "पाच मिनिटाचंच आहे तं तुमीच उतरा ना शेठ! बिसन वरून कोपरे दाखवते."

शेठजींनी टाकीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "कोपरे कोन पाहाले जाते!"

*

आमच्या वॉर्डातले एक निवृत्त गुरुजी फार नेमाचे. दर रविवारी बुद्धविहारातून वंदना करून आले की संडासात फिनाइलची अख्खी बाटली ओतायचे. टाकी लवकर भरते, वास येतो, काहून येतो, अशी त्यांची तक्रार होती. मी समजावलं: टाकीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. घाण खाऊन तेच ती जिरवतात. फिनाइलनं ते मरतात.

गुरुजींनी चष्मा काढला. "म्हणजे दर रविवारी मी..."

"हो गुरुजी."

"शाळेत पोट्ट्याईले मुंगी मारू देत नोतो मी, बाई. अन् इथं पयलंच शील मोडून राहिलो!"

त्यांनी उरलेल्या बाटल्या त्याच दिवशी दुकानात परत केल्या. उपसताना तळाशी थोडा गाळ ठेवतो, त्यातून पुन्हा जीव वाढतात, हे ऐकल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. पण आठवड्यानं बघते तर भर उन्हात माझ्या ऑफिसच्या दाराशी उभे!

"बाई, एक विचारायचं होतं. उन्हाळा लय तापून राहिला. त्या जिवाईले पाणी पुरते ना?"

*

काही घरांत मात्र वेगळाच अभिमान ऐकू यायचा: "आमची टाकी भरतच नाई!" बांधून सात-आठ वर्षं झालेली, दहा माणसांचं घर, आणि टाकी भरत नाही? माझ्यातला इंजिनिअर चक्रावला. कुठे फुटली? कुठे झिरपते? एका घरी हट्ट धरला, दाखवाच.

संडास चुन्यानं पांढराशुभ्र. दाराला कुलूप. चावी देवघराशेजारच्या खिळ्यावर!

"हा जवायाचा आहे," घरमालक म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"आमी जातो ना बोडीकडे. रोज वापरला तं भरून नाई जाईन काय?"

बोडी म्हणजे गावाबाहेरचं छोटं तळं. त्यांची सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी तिला विचारलं, "आणि तुम्ही, ताई?" तिनं फक्त खिळ्याकडे पाहिलं.

योगायोगानं ते जावईच पुढे एकदा चहाच्या टपरीवर भेटले. मी विचारलं, "तुमचा संडास कसा आहे?"

"त्याच्यात कसा जाऊ मॅडम? मी उठलो का सासरा चाबी घेऊन पुढं, साळा बादली घेऊन मागं, अन् सासू लेकराईले सांगते, कल्ला करू नोका, जवाई गेले! मी बी बोडीकडेच जातो."

*

मे महिना सरत आला. वरून निरोप आला की काम फारसं दिसत नाही, गाडी परत पाठवायची तयारी ठेवा. त्या दुपारी बिसनभाऊ ऑफिसमागे बसला होता. शेजारी त्यानं जुना दोर उन्हात पसरला होता.

दुसऱ्या दिवशी विनायकराव ऑफिसात आले. मेन रोडवरचं त्यांचं दुमजली घर गावाला माहीत.

"मॅडम, उद्या दहा वाजता गाडी पाठवा. समोरून!"

माझा कानांवर विश्वास बसेना. "समोरून?"

"हौ जी. आमच्या पोराच्या सोयरिकीसाठी सिहोऱ्याहून पावने घर पाहाले येऊन राहिले. पोरगी नागपूरले होस्टेलात शिकली. ते म्हणते, घरात संडास पायजे. पावन्याईले दिसलं पायजे ना!"

दहा वाजता आम्ही थेट दारासमोर. ओसरीवर पाहुणे पोहे खात होते, आणि विनायकराव गाडीकडे असं बघत होते जणू दारात हत्ती झुलतोय! झाकण उघडायच्या आधीच यादोरावनं रुबाबात पंप सुरू केला. आवाज ऐकून मुलीची आत्या बशी हातात घेऊनच मागच्या अंगणात आली. ठेंगणी बाई, नजर धारदार.

"बाई, हे गाडी कवा बलावतात?"

"टाकी भरली की," मी म्हटलं.

"अन् टाकी कवा भरते?"

"घरातल्या सगळ्यांनी वापरली तर दोन-तीन वर्षांनी."

"सगळे म्हणजे, बायाबी?"

"बायकाही."

आत्यानं बशी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. "मंग उघडा."

"आत्याबाई, पोहे थंडे होऊन राहिले..." विनायकराव म्हणाले.

"होऊ द्या."

बिसनभाऊनं झाकण सरकवलं. यादोरावनं, आयुष्यात पहिल्यांदा, काही न बोलता पंप बंद केला. आम्ही सगळे वाकलो.

आत कोरडं ठणठणीत! सिमेंटवर गवंड्याच्या थापीच्या रेघा अजून ताज्या. तळाशी एक पाल होती. तिनं वर आमच्याकडे पाहिलं.

विनायकरावांचा चेहरा चुन्यासारखा झाला. आत्या पदर सावरून निघायला वळली. तेवढ्यात विनायकरावांची म्हातारी आई काठी टेकत आली. सत्तरीची बाई, जन्मभर पहाटेच्या अंधारात, पावसापाण्यात बोडीवर गेलेली. तिनं वाकून टाकीत पाहिलं. मग लेकाकडे पाहिलं. मग आत्याकडे.

"पोरगी पाठवा," ती म्हणाली. "दोन वर्सात भरून नाई दाखवली, तं पुन्हा या आंगनात पाय ठेवजा नोका!"

आणि लेकापुढे हात पसरला. "पोरगी येईन तवा येईन. मी आजपासूनच सुरू करतो. आण इकडे ते चाबी!"

विनायकरावांनी करगोट्याची चावी सोडून दिली. काठी टेकत म्हातारी गेली, आत शिरली, आणि आतून कडी लावल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

आत्या परत वळली. कट्ट्यावरची बशी उचलून विनायकरावांच्या हातात दिली.

"पोहे गरम करा," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी यादोरावनं सवयीनं गाडी मागच्या गल्लीकडे वळवली. बिसनभाऊ मागे पाइपाजवळ उभा राहून तोंडाला दुपट्टा बांधत होता. मी गाडी थांबवली, त्याला पुढे आमच्याशेजारी बसवलं आणि यादोरावला म्हटलं, "काम दिसत नाही म्हणतात ना वरचे? मग आजपासून बाजारातून. सावकाश. आणि हॉर्न वाजवत!"